दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को: लांबचा रस्ता दोन तास आधी कसा पोचला?

दोन शहरांची नावं टाकली की त्यांच्यातलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारी कितीतरी साधनं आज हाताशी आहेत. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही जोडी टाकून पाहा. अंतर येईल सुमारे १२,४०० किलोमीटर, वेळ येईल सव्वाचौदा तासांच्या आगेमागे. अंतर बरोबर आहे. वेळही एअर इंडियाच्या ऑक्टोबर २०१६ मधल्या एका गाजलेल्या उड्डाणाशी जवळपास जुळते, कारण ते विमान साडेचौदा तासांत पोचलं होतं. फक्त ते १२,४०० किलोमीटर उडालेलं नव्हतं. ते उडालं होतं १५,३०० किलोमीटर. उत्तर बरोबर आणि रीत चूक, अशा गणिताला शाळेत जेवढे गुण मिळायचे तेवढेच इथे द्यावेत.

या साधनांची रीत साधी असते. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट, म्हणजे ग्रेट सर्कल, काढायची. तिला ताशी नऊशेच्या आसपासच्या वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर टाकायचा. छोट्या अंतरांना हे बऱ्यापैकी चालतं. पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला असलेल्या शहराला मात्र ते का चालत नाही, हे पाहायला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. गेल्या दहा वर्षांत या दोन शहरांमधलं अंतर एक मीटरनेही बदललं नाही. वाट मात्र पुन्हा पुन्हा बदलली, आणि दर वेळी कारण वेगळं होतं.

आधी ती सरळ रेषा कुठून जाते ते पाहू. भिंतीवरच्या सपाट नकाशावर सॅन फ्रान्सिस्को आपल्या खूप पश्चिमेला किंवा खूप पूर्वेला दिसतं. गोलावर ते उत्तरेला आहे. दिल्लीहून निघालेली ग्रेट सर्कल रेषा उत्तर दिशेपासून जेमतेम सोळा-सतरा अंश पूर्वेकडे कललेली असते. लडाख, चीनचा शिनजियांग प्रांत, अल्ताई पर्वताचा परिसर आणि सायबेरिया ओलांडून ती आर्क्टिक महासागरात ७५ अंश उत्तरेच्याही वर जाते. मग अलास्का तिरकं कापत कॅनडाच्या किनाऱ्याने खाली येते. या रेषेवरून नियमित प्रवासी उड्डाण चालवणं किती अवघड आहे ते पुढे येईलच.

१६ ऑक्टोबर २०१६

एअर इंडियाने ही विनाथांबा सेवा २ डिसेंबर २०१५ ला सुरू केली, बोइंग ७७७-२००एलआर या लांब पल्ल्याच्या विमानाने. तेव्हाची वाट पश्चिमेची होती: मध्य आशिया, युरोप, उत्तर अटलांटिक, कॅनडा आणि मग अमेरिकेचा पश्चिम किनारा. सुमारे १३,९०० किलोमीटर, साधारण साडेसोळा तास.

१६ ऑक्टोबर २०१६ च्या रविवारी पहाटे तेच विमान पूर्वेकडे वळलं. बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान आणि मग अख्खा प्रशांत महासागर. वाट १,४०० किलोमीटरने वाढली आणि वेळ दोन तासांनी घटला.

आकडे मांडून पाहिले की चित्र स्वच्छ होतं. १३,९०० भागिले साडेसोळा, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने ताशी सुमारे ८४० किलोमीटर. १५,३०० भागिले साडेचौदा, म्हणजे ताशी सुमारे १,०५५. विमान तेच, इंजिनं तीच, हवेतला वेगही तोच. या जातीचं विमान स्थिर हवेत ताशी ८९०-९०० किलोमीटरने जातं. एका वाटेवर वारा तोंडावर होता, दुसऱ्या वाटेवर पाठीशी. दोन्ही सरासरींमधलं दोनशेच्या वरचं अंतर मुख्यतः वाऱ्याचं आहे.

त्या वेळी ‘जगातलं सर्वांत लांबचं विनाथांबा उड्डाण’ असा गाजावाजा झाला. तेव्हा विक्रम दुबई–ऑकलंडच्या नावावर होता, सुमारे १४,२०० किलोमीटर. पण ते अंतर ग्रेट सर्कलने मोजलेलं आणि एअर इंडियाचं १५,३०० प्रत्यक्ष कापलेलं. एकाच मापाने मोजायचं तर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को १२,४०० वर येतं आणि विक्रमाच्या जवळपासही फिरकत नाही. वळसा घालून विक्रम होत असेल तर कोणीही करावा. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. नोव्हेंबर २०२० पासून सिंगापूर एअरलाइन्स सिंगापूर ते न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर विनाथांबा जाते. ग्रेट सर्कलने ते १५,३५० किलोमीटर, म्हणजे एअर इंडियाने त्या दिवशी कापलेल्या अंतराएवढंच. वेळापत्रकात त्याला साडेअठरा तासांच्या आसपास दिलेले असतात. तेवढंच अंतर, आणि फरक चार तासांचा.

तो वारा कुठला?

जपानच्या आसपास दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम जगातल्या सर्वांत जोरदार प्रवाहांपैकी आहे. हिवाळ्यात सायबेरियाची थंडगार हवा आणि प्रशांत महासागरावरची उबदार हवा तिथे एकमेकींना भिडतात आणि वाऱ्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो. विमान या प्रवाहात शिरलं की त्याचा स्वतःचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांची बेरीज होते.

हा वारा प्रथम नीट मोजला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने. १९२० च्या दशकात त्याने तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरच्या वाऱ्यांची शेकडो निरीक्षणं घेतली आणि १९२६ मध्ये ती प्रसिद्ध केली. प्रसिद्ध केली तीही एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत, जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचावी म्हणून. वाचली फारच थोड्यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानने याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले हजारो फुगे अमेरिकेकडे सोडले. त्यातले काही खरोखर प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेत पोचले. प्रवासी वाहतुकीला या वाऱ्याचा फायदा कळला १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये: पॅन अ‍ॅमच्या विमानाने टोकियो–होनोलुलू हा अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत केला. एअर इंडियाने २०१६ मध्ये जे केलं त्याची युक्ती इतकी जुनी आहे.

इथे एक गैरसमज हमखास निघतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानाखाली ठिकाण आपोआप जवळ यायला नको का? नको, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते आणि विमान त्या हवेत उडतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडवाटेने. उष्ण प्रदेशातून ध्रुवाकडे निघालेली हवा त्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि त्यातून हे पश्चिमी वारे तयार होतात. म्हणजे परिणाम नेमका उलटा: मध्य अक्षांशांत पूर्वेकडे जाणाराच लवकर पोचतो.

मग विमानं रोज प्रशांत महासागरावरूनच का जात नाहीत? कारण हा वारा बारमाही सारखा नसतो. उन्हाळ्यात तो मंदावतो आणि उत्तरेकडे सरकतो, मग १,४०० किलोमीटरचा वळसा अंगाशी येऊ शकतो. शिवाय इंधन. ७७७-२००एलआरच्या नेहमीच्या टाक्यांमध्ये सुमारे १,८१,००० लिटर, म्हणजे १४५ टनांच्या आसपास इंधन मावतं, आणि उड्डाणाच्या वेळचं विमानाचं कमाल वजन सुमारे ३४७ टन. जास्त इंधन घ्यावं तर ते वाहून नेण्यातच त्यातला काही भाग जळतो, आणि वजनाची मर्यादा गाठली की सामान कमी करा किंवा प्रवासी कमी करा. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणारा अधिकारी, त्या दिवसाच्या वाऱ्याच्या अंदाजावरून वेगवेगळ्या वाटांचे हिशेब काढतो. अंतर कुठल्या वाटेचं कमी आहे हा त्याचा प्रश्न नसतोच. वेळ आणि इंधन कुठे कमी लागेल, एवढंच तो पाहतो.

परतीला विमान सॅन फ्रान्सिस्कोहून अटलांटिकच्या बाजूने येई, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. त्यामुळे जाऊन-येऊन एक फेरी झाली की विमानाने पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातलेली असे. अंतर सांगणारं साधन मात्र जाण्याला आणि येण्याला एकच वेळ दाखवतं.

घड्याळाचा भाग

वेळापत्रकातल्या दोन वेळांची सरळ वजाबाकी केली तर काहीच्या काही उत्तर येतं. दिल्लीहून १६ ऑक्टोबरला पहाटे चारला निघालेलं विमान साडेचौदा तास उडालं तर सॅन फ्रान्सिस्कोला पोचताना तिथे १६ ऑक्टोबरचेच सकाळचे सहा वाजलेले असतात. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीख मागे जाऊन पंधरा होते आणि काही तासांनी मध्यरात्र उलटली की पुन्हा सोळा. दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणाव्यात आणि मग वजा कराव्यात. भारत साडेपाच तास पुढे. कॅलिफोर्निया उन्हाळी वेळेत सात तास मागे आणि हिवाळ्यात आठ. त्यामुळे दोन शहरांतला फरक वर्षातले काही महिने साडेबारा तास असतो आणि उरलेले महिने साडेतेरा. तिकिटावरची वेळ बदललेली दिसली म्हणजे उड्डाणच लांबलं, असं समजू नये.

ध्रुवाची वाट

१५ ऑगस्ट २०१९ ला एअर इंडियाने याच मार्गावर उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून विमान नेलं. ग्रेट सर्कलच्या बरीच जवळ जाणारी वाट, म्हणजे इंधनही कमी आणि वेळही कमी. मग हे आधीच का केलं नाही?

कारण ध्रुवावरून जायला विमान असून भागत नाही, परवानगी लागते, आणि परवानगीमागे अटींची रांग असते. विमानांत वापरलं जाणारं जेट ए-१ इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठू लागतं. ध्रुवीय आकाशात बाहेरचं तापमान त्याच्याही खाली जाऊ शकतं. टाकीतलं तापमान घसरत चाललं की वैमानिकाला खाली उतरून उबदार हवा शोधावी लागते किंवा वेग वाढवावा लागतो. विषुववृत्तावर फिरणारे भूस्थिर उपग्रह ध्रुवाजवळ क्षितिजाखाली जातात, त्यामुळे संपर्काची साधनं वेगळी लागतात. चुंबकीय होकायंत्राचा तिथे भरवसा नसतो. सौर वादळ आलं तर किरणोत्सर्ग वाढतो आणि रेडिओही बिघडतो, म्हणून अशा दिवशी ही वाट सोडून दिली जाते. आणि आणीबाणीत उतरायची वेळ आली तर उणे तापमानात बाहेर पडून काम करता यावं म्हणून विमानात थंडीचे खास पोशाख ठेवावे लागतात.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक नियम लागू असतो. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांच्या आत कुठल्यातरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे. सायबेरिया असो वा प्रशांत महासागर, या वाटा म्हणूनच काही मोजक्या, एरवी कोणाच्या खिजगणतीतही नसलेल्या विमानतळांना धरून आखलेल्या असतात. ६ जून २०२३ ला त्यातल्या एकाचं नाव भारतात घरोघर पोचलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं बोइंग ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला, मगादानला उतरलं. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. छोट्या गावात इतक्या लोकांना पुरतील एवढी हॉटेलं नव्हती. मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं आणि ८ जूनला प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोला पोचले. ‘चौदा-पंधरा तास’ या आकड्यात मगादानची ही शक्यता कायम दडलेली असते. ती क्वचित खरी होते, पण वाट मात्र रोज तिचा विचार करूनच आखावी लागते.

वाऱ्यापेक्षा जबर गोष्ट

इथपर्यंतची गोष्ट निसर्गाची आणि यंत्राची होती. २०२२ नंतर या मार्गाचा वेळ ठरवण्यात मोठा वाटा हवाई हद्दींचा झाला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पाश्चात्त्य देशांनी रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियाने त्यांच्या विमानांना. युनायटेड एअरलाइन्सने २०१९ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली विनाथांबा सेवा सुरू केलेली होती. मार्च २०२२ मध्ये ती थांबवावी लागली. भारतीय कंपन्यांवर रशियाची बंदी नव्हती, त्यामुळे एअर इंडियाची सेवा सायबेरियावरून चालू राहिली. शहरं तीच, अंतर तेच, आणि लांब पल्ल्याची विमानं दोघांकडेही. एका कंपनीला रस्ता होता, दुसरीला नव्हता. वाऱ्याने प्रवासाचे दोन तास कमी-जास्त होतात. हवाई हद्द बंद झाली की सेवाच बंद पडू शकते.

मग पाळी भारतीय कंपन्यांवर आली. दिल्लीहून उत्तरेला जायचं तर समोर हिमालय आणि तिबेटचं पठार. म्हणून विमानं आधी वायव्येला पाकिस्तानवरून मध्य आशियात शिरत आणि तिथून वर जात. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना जवळपास बंदच होतं. त्या काळात २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला ते आकाश पुन्हा बंद झालं आणि या वेळी बंदी लांबतच गेली. उत्तर अमेरिकेची काही उड्डाणं इंधनासाठी व्हिएन्ना आणि कोपनहेगनला थांबू लागली. दिल्ली–वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवण्यात आली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत उत्तर निघालं ते कोलकात्याचं. पहिल्यांदा ऐकताना ते विचित्र वाटतं. दिल्लीच्या आग्नेयेला तेराशे किलोमीटरवर जाऊन अमेरिकेला कशाला जायचं? पण गोलावर मोजलं तर कोलकाता–सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर भरतं, दिल्लीपेक्षा जेमतेम दोनशे जास्त. सॅन फ्रान्सिस्को दोन्ही शहरांच्या जवळजवळ उत्तरेलाच असल्यामुळे पूर्वेला सरकून फारसं काही बिघडत नाही. शिवाय कोलकात्याहून तिबेटच्या पूर्वेकडून चीनमध्ये शिरता येतं, पाकिस्तानचा संबंधच येत नाही. दिल्ली–कोलकाता आणि कोलकाता–सॅन फ्रान्सिस्को यांची बेरीज १३,९०० च्या आसपास होते, योगायोगाने २०१५ च्या अटलांटिक वाटेएवढीच. फरक वेळेत पडतो. उतरणं, इंधन भरणं, पुन्हा धावपट्टीवर रांगेत लागणं, हे सगळं प्रवाशाच्या घड्याळात जमा होतं आणि अंतराच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला सॅन फ्रान्सिस्कोहून कोलकातामार्गे दिल्लीला निघालेलं विमान वाटेत तांत्रिक शंका आल्याने मंगोलियाच्या उलानबातरला उतरवावं लागलं. त्या बातमीच्या निमित्ताने ही नवी वाट अनेकांना पहिल्यांदा कळली.

त्याच महिन्यात आणखी एक बातमी आली. शिनजियांगवरून उडण्याची आणि गरज पडल्यास होतान, काश्गर, उरुमची इथे उतरण्याची मुभा चीनकडून मिळावी यासाठी एअर इंडियाने भारत सरकारकडे आग्रह धरला होता. यातलं होतान कुठे आहे ते नकाशावर शोधण्यासारखं आहे: दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ग्रेट सर्कल काढली तर ती होतानच्या जवळजवळ डोक्यावरून जाते.

परवानगी मिळाली तरी अडचण उरतेच. दिल्ली आणि होतान यांच्या मधला टापू जगातल्या सर्वांत उंच प्रदेशांपैकी आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला काही मिनिटांत तीन हजार मीटरच्या आसपास उतरावं लागतं, कारण बहुतेक विमानांत प्रवाशांच्या मुखवट्यांमधला प्राणवायू पंधरा-वीस मिनिटंच पुरतो. खाली जमीनच पाच हजार मीटरवर असेल तर उतरायचं कुठे? म्हणून अशा टप्प्यावर प्रत्येक बिंदूपासून सखल भागाकडे निसटायची वाट आधीच आखून ठेवावी लागते, आणि ती संपते तिथे उतरण्याजोगा विमानतळ लागतो. एअर इंडियाच्या मागणीत हवाई हद्दीबरोबर विमानतळांचीही नावं होती ती त्यामुळेच.